शिंगराच्या मागे, जरा

सोआझिग म्हणाली, घोडी आणि शिंगरू
या दोन खडकांच्या मधे.
म्हणजे अगदी मधे नाही.
शिंगराच्या बाजूला जरा.
मागच्या अंगाला.

अझेनोरने लिहून घेतलं, जसंच्या तसं, 'जरा'सकट.
ब्रेस्टच्या प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर
समुद्रतळाची चित्रं असतात, करडी, दाणेदार,
आवाजाने चाचपून काढलेली.

यंत्राला 'मधे' कळत नाही.
त्याला कळतं शून्य आणि एक,
उंबऱ्याच्या आत नाहीतर बाहेर.
आणि माणसं तर उंबऱ्यावरच उभी राहून बोलतात,
एक हात चौकटीला लावून, तासन् तास.

म्हणून ती एकेका ठिपक्याला विचारते, तू किती मधे?
एक म्हणतो, सोळा आणे.
शेजारचा म्हणतो, चौदा.
कडेचा एक लाजून म्हणतो, दोन-तीन धरा.
(ती हे दशांशात सांगते. आणे माझे.)

'जवळ'चंही तसंच. ते कुंपणाशी संपत नाही.
तिकडच्या काळ्या धिरड्यावर खारं लोणी सोडतात,
ते कडेपर्यंत पोचता पोचता पातळ होतं,
कुठे संपलं ते बोटाला कळतं, डोळ्याला नाही.
मग 'मधे', 'जवळ', 'मागे' एकमेकांवर ठेवायचे
आणि प्रत्येक ठिपक्यापाशी
ज्याची खात्री सर्वांत कमी, त्याचंच ऐकायचं.
असा नियम घरात कुणी पाळत नाही.

पडद्यावर एक डाग उमटला,
काचेवर कुणी श्वास सोडावा तसा.

सप्टेंबरात बोट गेली.
चौदा आण्यांच्या जागी वाळू.
बारा आण्यांच्या जागी वाळू.
आठ आण्यांच्या जागी खेकड्यांचा एक सापळा,
कुणाचा तरी, तुटका, रिकामा.

अझेनोर पुन्हा पोर्झ-ग्वेनला गेली.
चूक कुठे झाली ते तिला वाटेत, बसमध्येच कळलं होतं,
तरी विचारावं लागलं:
मागे म्हणजे, कुठून बघताना मागे?

हे पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
तटरक्षकांनी नाही, विम्याच्या माणसाने नाही.
सोआझिग उठली, मोरीपाशी गेली,
हातात नसलेली ताटली धरून उभी राहिली.
इथून, म्हणाली.
गोल्वेनचा दिवा इथून दिसत होता.
शिंगराच्या मागे गेला. मी ताटली पुसून ठेवली,
पुन्हा वर पाहिलं.

चित्रात उत्तर वर होती.
सोआझिगचं उत्तर या खिडकीत होतं,
नैर्ऋत्येकडे तोंड करून.

अझेनोरने खिडकीपाशी उभं राहून होकायंत्र धरलं,
सगळं पुन्हा मांडलं.
'मागे' तेवढं फिरलं.
बाकीचे शब्द जागचे हलले नाहीत.
डाग सरकून शिंगराच्या पलीकडे गेला,
खोल पाण्यात, जिथे कुणी जाळी टाकत नाही.

मार्चमध्ये तिथे काहीतरी सापडलं.
लांबट. साडेनऊ मीटर.
एका अंगाला सावली, फासळ्यांसारखी, किंवा कपारींसारखी.

बोट आहे?
अकरा आणे, अझेनोर म्हणाली.
आणि खडक?
सात.

सोआझिगने तीस वर्षं मासळीच्या लिलावाचा हिशोब लिहिला होता.
अठरा होतात, ती म्हणाली.
होतात. आमच्यात चालतं.
आमच्यातही चाललं असतं, म्हातारी म्हणाली,
बाजारातल्या लोकांनी चालू दिलं नाही.

पाणबुड्या पाठवायचा का, ते मे महिन्यात ठरवायचं होतं.
तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
कॉफी ठेवली. छापलेलं चित्र
साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं,
मग फिरवलं, खिडकीतून दिसेल तसं.

आणि खुर्ची सरकवली.
किती?
जरा.